वीस आणि सव्वीसच्या मधलं चाक

एडिंबरा शहरातलं एक लोखंडी कुंपण. उभे गज आणि प्रत्येक गजाच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखं टोक. एक तरुण सायकलवरून कुंपणाच्या कडेला येतो, सायकलीसकट उडी घेतो आणि चाकं त्या टोकांवर टेकवायला बघतो. तोल जातो. तो खाली येतो, मागे जातो, पुन्हा येतो, पुन्हा पडतो. अखेर एकदा दोन्ही चाकं टोकांवर नीट बसतात आणि शेताच्या बांधावरून जावं तसा तो कुंपणावरून पुढे निघून जातो.

हा डॅनी मॅकअ‍ॅस्किल. एप्रिल २००९ मध्ये यूट्यूबवर आलेल्या साडेपाच मिनिटांच्या चित्रफितीतलं हे दृश्य. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि एडिंबरातल्या मॅकडॉनल्ड सायकल्स या दुकानात सायकली दुरुस्त करत होता. चित्रण केलं होतं त्याच्यासोबत राहणाऱ्या डेव्ह सॉवरबीनं, कित्येक महिने, सुट्टीच्या वेळात. झाडाच्या बुंध्यावर चाकं चढवून उलटी कोलांटी, एका दुकानाच्या छपरावरून शेजारच्या छपरावर झेप, जिन्यांवरून उड्या असं सगळं त्यात आहे. काही दिवसांतच लाखो लोकांनी ती चित्रफीत पाहिली आणि सायकल दुरुस्त करणारा हा मुलगा जगभर ओळखीचा झाला.

त्या पाच मिनिटांत नजर माणसावरून हलत नाही, म्हणून त्याच्याखालच्या सायकलीकडे लक्ष जायचं राहून जातं. वास्तविक ती सायकलही तितकीच पाहण्यासारखी होती. तिची चाकं २४ इंची होती. ती ज्या खेळातून आली त्या ट्रायल्सच्या जागतिक स्पर्धांत दोनच मापांना मान होता, २० इंच आणि २६ इंच. चोवीसला तिथे स्वतःचा वर्ग नव्हता. हे मधलं माप आलं कुठून, आणि कशासाठी?

मापाचा थोडा खुलासा आधी करायला हवा, कारण सायकलच्या बाबतीत इंच हा शब्द फार फसवतो. आपल्याकडे काळी, दणकट सायकल घ्यायला गेलं की दुकानदार विचारायचा, ‘बावीस देऊ की चोवीस?’ तो आकडा असायचा सांगाड्याच्या उंचीचा. चाकं दोन्हींची २८ इंचीच. उलट मुलांची ‘चोवीस इंची’ सायकल म्हटली की तो आकडा चाकाचा. त्यातही चाकाचा इंच हा टायरसकट बाहेरून मोजलेला, ढोबळ. खरं माप रिमवर असतं. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये घेतला, तर ट्रायल्समधलं २० इंची पुढचं चाक निघतं ४०६ चं, २४ इंची ५०७ चं आणि २६ इंची ५५९ चं. म्हणजे चोवीस हे नावापुरतं मधलं आहे. वीसपासून ते १०१ मिलिमीटर दूर आहे आणि सव्वीसपासून फक्त ५२. त्याची नाळ मोठ्या चाकाशी जवळची आहे, आणि त्याच्या जन्मकथेतही ही जवळीक दिसते.

ट्रायल्स हा खेळ वेगाचा नाही. ओढ्यातले गुळगुळीत धोंडे, ओंडके, सिमेंटचे ठोकळे, लाकडी खोकी यांतून आखून दिलेल्या वाटेनं जायचं, पाय जमिनीला न लावता. जुन्या गुणपद्धतीत पाय टेकला की एक दंडगुण आणि पाच झाले की तो टप्पा हातचा गेला. शेवटी ज्याचे दंडगुण कमी तो जिंकला. सायकलनं हे सारं मोटारसायकलकडून घेतलं, आणि ते धागे मागे नेले तर ते पुन्हा स्कॉटलंडलाच पोचतात.

१९०९ मध्ये एडिंबराच्या मोटारसायकलस्वारांनी डोंगराळ भागात कित्येक दिवस चालणारी एक चाचणी सुरू केली. आज ती ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ म्हणून ओळखली जाते. एडिंबरा अँड डिस्ट्रिक्ट मोटर क्लब ती भरवतो आणि फोर्ट विल्यम हे तिचं ठाणं. नवीन यंत्र खडकाळ चढणीवर टिकतं का, हे बघणं हा मूळ हेतू होता. ट्रायल या शब्दाचा अर्थच पारख. हळूहळू पारख यंत्राची कमी आणि स्वाराच्या तोलाची जास्त होऊ लागली. चढणीवर पंच उभे राहत आणि पाय टेकला की वहीत खूण करत.

पन्नास-साठच्या दशकांत या खेळाचा राजा होता उत्तर आयर्लंडचा सॅमी मिलर. ब्रिटिश एरियल कंपनीची जड, चार-स्ट्रोक मोटारसायकल तो अशी चालवायचा की जणू तिला वजनच नाही. १९६४ मध्ये त्यानं एरियल सोडली आणि बार्सिलोनाच्या बुल्ताको कंपनीसाठी हलकी, दोन-स्ट्रोक ‘शेर्पा’ घडवायला हातभार लावला. १९६५ मध्ये तिच्यावरच त्यानं स्कॉटलंडची सहा दिवसांची चाचणी जिंकली. इंग्रजी कारखान्यांची सद्दी तिथे संपली. ट्रायल्सचं केंद्र स्कॉटलंडच्या ओल्या दगडांवरून कातालोनियाच्या कोरड्या डोंगरांत, म्हणजे स्पेनमध्ये, सरकलं.

बुल्ताकोची शेजारीण आणि प्रतिस्पर्धी होती मोंटेसा. खरं तर दोघी एकाच घरातल्या. मोंटेसाच्या दोन संस्थापकांपैकी फ्रान्सेस्क झावियेर बुल्तो, ज्याला सगळे पाको म्हणत, १९५८ मध्ये बाहेर पडला आणि आडनावाला टोपणनाव जोडून त्यानं बुल्ताको उभी केली. शेर्पाला उत्तर म्हणून मोंटेसानं १९६८ मध्ये ‘कोटा २४७’ आणली. ती घडवण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो मोंटेसाचा चाचणीस्वार पेरे पी. मोटोक्रॉस आणि ट्रायल दोन्हींत मुरलेला माणूस.

पेरे पीच्या घरी १९७० मध्ये मुलगा झाला, ओट. वडील दिवसभर दगडधोंड्यांवर मोटारसायकल चढवतात हे बघत मूल वाढलं. पण मोटारसायकल हातात द्यायचं त्याचं वय नव्हतं. मग जे हाताशी होतं ते त्यानं घेतलं. लहान मुलाची सायकल. तिच्यावरून तो वडिलांच्या वाटांवर चढू लागला. पेरे पीनं यात पोरखेळापेक्षा जास्त काही पाहिलं. इंजिनाशिवाय तोल शिकवता येतो, आवाज नाही, पेट्रोल नाही, आणि मुलाची हाडंही सहसा शाबूत राहतात. त्यानं त्या सायकलीत बदल करायला सुरुवात केली आणि या खेळाला नावही पडलं, ‘ट्रायलसिन’. मोटारविना ट्रायल या स्पॅनिश शब्दांचं ते आटोपशीर रूप. १९८०च्या सुमारास मोंटेसानं ‘मोंटेसिता’ या नावानं अशा सायकली बाजारात आणल्या. नावाचा अर्थ धाकटी मोंटेसा. पुढे पेरे पीनं स्वतःची ‘माँटी’ ही कंपनी काढली आणि ओट तिच्या सायकलींवर जगज्जेता झाला, एकदा नव्हे, कित्येकदा.

वीस इंची चाकाची गोष्ट इथे सुरू होते. ते माप कुणी कागदावर गणित मांडून ठरवलं नव्हतं. मुलांच्या सायकलींची चाकं तेवढी असतात, म्हणून ते आलं. मुलं मोठी झाली, सायकलीही पक्क्या झाल्या, पण चाक तेवढंच राहिलं, कारण तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की ते खेळाला फार सोयीचं आहे. लहान चाक हलकं असतं, त्याचे आरे आखूड असल्यानं ते आडव्या धक्क्यालाही वाकत नाही, आणि मागच्या एका चाकावर उभं राहून टुणटुण उड्या मारताना सायकल अंगाखाली सहज फिरते.

पुढे या मापावर कारागिरीही झाली. मागच्या चाकाला उंच उडीनंतरचा सगळा भार झेलायचा असतो, म्हणून तिथे जाड टायर हवा. जाड टायर घातला की चाक बाहेरून मोठं होतं. उपाय असा निघाला की मागची रिमच लहान करायची, ३८७ मिलिमीटरची, म्हणजे बोलीत १९ इंची. तिच्यावर अडीच इंच जाडीचा टायर आणि पुढे ४०६ च्या रिमवर दोन इंचांचा, असं जुळवलं की दोन्ही चाकं बाहेरून जवळपास सारख्या उंचीची भरतात. ट्रायल्सची वीस इंची सायकल बाजूनं पाहिली की मागचं चाक बुटकं पण भरलेलं दिसतं ते यामुळे.

आता सव्वीसकडे वळू. त्याचा जन्म अमेरिकेतला. शिकागोच्या श्विन कंपनीनं १९३३ मध्ये फुग्यासारखे जाड टायर लावलेली २६ इंची सायकल काढली. मुलांना ती चालवताना मोटारसायकलचा भास व्हावा म्हणून ती मुद्दाम गुबगुबीत केलेली. चार दशकांनी कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातल्या तरुणांनी भंगारातून याच जुन्या सायकली उचलल्या आणि टॅमलपायस डोंगराच्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडल्या. १९७६ मध्ये मरीनमध्येच ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. चाकाच्या मध्यातल्या हबच्या ब्रेकमधलं ग्रीस उतारावर जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं, म्हणून रीपॅक. १९७७ मध्ये जो ब्रीझनं खास या कामासाठी सांगाडा बांधला. माउंटन बाइक जन्मली ती भंगारातल्या त्या जुन्या सायकलींचं २६ इंची चाक घेऊन.

माउंटन बाइक जगभर पसरली तसे ट्रायलवाले तिच्याकडे वळले. जर्मनीत वाढलेला हान्स रे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात आला. वीस इंची सायकलवर युरोपात नाव कमावलेल्या या माणसानं जीटी कंपनीच्या माउंटन बाइकवर तीच कला दाखवायला सुरुवात केली. प्रेक्षकांना त्याची भुरळ पडली, कारण ही सायकल त्यांच्या घरातल्या सायकलीसारखी दिसायची. दगडांवर चढणारी वीस इंची सायकल हे सर्कशीतलं यंत्र वाटतं. गियरवाली, सीटवाली सव्वीस इंची सायकल उभ्या मोटारीच्या टपावर चढली की बघणाऱ्याला वाटतं, अरे, हे आपल्याही सायकलीवर होतं!

सायकलच्या जागतिक संघटनेनं, यूसीआयनं, ऐंशीच्या दशकातच ट्रायल्सला आपल्या छत्राखाली घेतलं होतं. १९९२ मध्ये बाइकट्रायलची वेगळी आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. आणि खेळाचे दोन वर्ग पक्के झाले. विशीचा आणि सव्विशीचा. स्पेनच्या बेनितो रोसनं विशीत वर्षानुवर्षं कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. बेल्जियमच्या केनी बेलीचं नाव सव्विशीत गाजलं. मोठं चाक अडथळ्याच्या कडेवर लवकर चढतं, पुढचं चाक आधीच उंचीवर असतं, लांब फटी ओलांडताना त्याचा उपयोग होतो. लहान चाक चपळ. ज्याचं त्याचं बळ वेगळं, म्हणून वर्ग वेगळे, हे योग्यच होतं.

पण नियमांनी जसा खेळ घडवला तशीच सायकलही. स्पर्धेत सीटवर कुणी बसतच नाही, म्हणून सीट आधी नावापुरती झाली, मग गेलीच. पॅडलचा क्रँक ज्या जागी सांगाड्यात बसतो ती जागा चाकांच्या आसांच्या रेषेपेक्षा बरीच वर सरकली, म्हणजे मागच्या चाकावर उभं राहणं सोपं. पॅडलवर किंचित दाब पडताच ओढ लागावी म्हणून फ्री-व्हीलचे दाते बारीक आणि जास्त झाले. सायकल आठ किलोंच्या आसपास आली.

आणि ब्रेक. ट्रायल्सवाल्याच्या ब्रेकला ‘थोडा लागला’ हे माहीत नसतं. एक बोट लागताच चाक जागच्या जागी थिजलं पाहिजे, नाहीतर माणूस ठोकळ्याच्या कडेवरून मागे कोसळेल. त्यासाठी माणसं नवी कोरी रिम घेतात, चाक उलट्या सायकलीवर फिरतं ठेवतात आणि तिच्या गुळगुळीत कडेवर ग्राइंडरची चकती हलकेच तिरकी टेकवत जातात. ठिणग्या उडतात, अ‍ॅल्युमिनियमवर बारीक, आडवे ओरखडे उमटतात. कड कानशीसारखी खरखरीत होते. तिच्यावर हायड्रॉलिक ब्रेकचं रबर दाबलं की अशी किंकाळी उठते की गल्लीच्या टोकाला कळावं, ट्रायल्सवाला आला. कुणी ग्राइंडरऐवजी डांबराचा खडा रिमवर घासतात. रिम झिजते, वर्ष-सहा महिन्यांत पुन्हा घासावी लागते, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

अशी सायकल दोन मिनिटांच्या टप्प्यासाठी अचूक असते. पण तो टप्पा संपला की तिच्यावरून चौकापर्यंत जायचीही सोय नसते. नव्वदच्या दशकाअखेरीस ब्रिटनच्या गावागावांतली ट्रायल्स शिकणारी मुलं नेमकी इथे अडली.

या मुलांकडे डोंगरातले आखलेले टप्पे नव्हते. त्यांच्याकडे होते बागेतले बाक, ग्रंथालयाच्या पायऱ्या, बस थांब्यामागच्या भिंती आणि पाऊस. त्यांच्या दूरदर्शन संचाखाली व्हिडिओ कॅसेट असायच्या. त्यातली ‘चेनस्पॉटिंग’ ही ब्रिटिश चित्रफीत तर मॅकअ‍ॅस्किलच्या पिढीनं पारायण करावं तशी पाहिली. तिच्यात मार्टिन अ‍ॅश्टन आणि मार्टिन हॉज हे दोघे ट्रायल्सवाले शहरातल्या कठड्यांवरून खेळताना दिसत. पंच नाही, फीत बांधलेली वाट नाही. याच मुलांच्या शेजारी त्याच पायऱ्यांवर बीएमएक्सवाले असायचे, गिरक्या घेणारे, एका चाकावर लांबवर तरंगत जाणारे. ट्रायल्सच्या मुलांना वाटू लागलं, आपल्याला दोन्ही हवं. एका जागी थांबून उंच भिंतीवर चढणंही हवं आणि वेगात येऊन हवेत गरकन फिरणंही.

विशीच्या सायकलवर वेग घेतला की ती रस्त्याच्या प्रत्येक फटीत ठेचकाळते. लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं आणि त्याला वर यायला जास्त धक्का बसतो. सव्विशीची वेगात छान, पण हवेत फिरवायला जड, आणि चाक मोठं असल्यानं मागचा आस क्रँकच्या फार जवळ आणता येत नाही, म्हणून पुढचं चाक उचलायला कष्ट जास्त. या दोन तक्रारी एकत्र ठेवल्या की उत्तर आपोआप समोर येतं. चाक थोडं लहान करा, म्हणजे सायकल मागून आखूड होईल; पण इतकं नको की रस्ता टोचेल.

असं चाक घडवायची गरजच नव्हती. ते बाजारात होतं. बीएमएक्सच्या शर्यतींत ऐंशीच्या दशकापासून क्रूझर नावाचा वर्ग चालत आला होता, त्याची चाकं २४ इंची, ५०७ मिलिमीटरचीच. २००० च्या आसपास मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारणाऱ्या आणि उंच कड्यांवरून खाली येणाऱ्या माउंटन बाइकवाल्यांनी हेच माप उचललं होतं, कारण मोठ्या उडीनंतर सव्वीस इंची रिम वाकायची आणि चोवीसची टिकायची. स्पेशलाइज्ड कंपनीच्या ‘बिग हिट’ सायकलीला तर पुढे २६ आणि मागे २४ अशी जोडी होती. त्यामुळे रुंद, दणकट चोवीस इंची रिम आणि जाड टायर सायकलच्या दुकानांतून मिळू लागले होते.

आणखी एक गोष्ट जुळून आली, ती ब्रेकची. रिमवर दाबणारा ब्रेक सांगाड्यावर एका ठरावीक उंचीवर बसतो. चाकाचं माप बदललं की रबर रिमपर्यंत पोचतच नाही. डिस्क ब्रेक मात्र हबवर असतो, त्याला रिम केवढी आहे याच्याशी कर्तव्य नाही. माउंटन बाइकमध्ये डिस्क ब्रेक रुळल्यावर सव्विशीच्या सांगाड्यात चोवीसची चाकं घालून बघणं हे एका दुपारचं काम झालं. रिमच्या मिलिमीटरनी जी जवळीक दाखवली होती ती इथे प्रत्यक्षात आली. चोवीस हे आकसलेलं सव्वीस आहे. वाढलेलं वीस नव्हे.

पण दुसऱ्याच्या सांगाड्यात लहान चाकं घातली की सायकल खाली बसते, क्रँक जमिनीच्या जवळ येतो, पॅडल पायरीला घासतं. चोवीससाठी स्वतःचा सांगाडा हवा होता. तो ज्यांनी मनापासून बांधला त्यांत ब्रिटनची इन्स्पायर्ड ही छोटी कंपनी पुढे होती. डेव्ह क्लीव्हर हा तिचा संस्थापक आणि रचनाकार. तिच्या ‘फोरप्ले’ या अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यात क्रँकची जागा आसांच्या रेषेच्या थोडीशीच वर ठेवली होती. स्पर्धेच्या सायकलीपेक्षा बरीच खाली, म्हणजे वेगात आणि गिरकीत तोल राहतो. मागची बाजू आखूड, म्हणजे पुढचं चाक मनात येताच उचलता येतं. आणि छोटीशी का होईना, सीट परत आली, कारण हवेत फिरताना सायकल गुडघ्यांच्या मधे धरायला ती लागते. टायर जाड, दोन इंचांच्या बरेच वर. त्या टायरसकट चाकाची उंची भरते साधारण ६२ सेंटिमीटर.

या सांगाड्याला जसा स्वार हवा होता तसा तो मिळाला. मॅकअ‍ॅस्किलचं गाव स्काय बेटावरचं डन्वेगन, वस्ती मूठभर. लहानपणापासून गावातली प्रत्येक भिंत त्याच्या चाकाखालून गेलेली. शाळा संपल्यावर तो एव्हीमोरला एका सायकलच्या दुकानात कामाला लागला आणि २००६ मध्ये एडिंबराला आला. दिवसा दुरुस्ती, कामाच्या आधी आणि नंतर शहरभर भटकंती. सायकल तुटते कुठे हे ज्याला रोज टेबलावर दिसतं, असा माणूस स्वतःच ती हाणत होता. २००९ च्या चित्रफितीचं नावही सायकलच्याच नावानं ठेवलेलं होतं, ‘इन्स्पायर्ड बायसिकल्स’.

आता कुंपणाच्या त्या दृश्याकडे परत जाऊ आणि या वेळी चाकाकडे पाहू. भाल्यासारख्या दोन टोकांच्या मधल्या फटीत चाक थोडं खाली उतरतं आणि पुढच्या टोकावर चढतं. चाक जितकं मोठं तितकं ते फटीत कमी उतरतं. टायर जाड आणि हवा बेताची असेल तर टोक रबरात रुततं, चाक घसरत नाही. आणि सायकल आखूड असेल तर जमिनीवरून ती उचलून इतक्या अरुंद रेषेवर नेमकी ठेवता येते. तिन्ही गुण एकत्र हवेत. त्या मुलाची हिंमत आणि सराव बाजूला ठेवला तर त्या कुंपणावर उरतं ते हेच गणित.

पुढच्या काही वर्षांत मॅकअ‍ॅस्किलच्या चित्रफितींतून हे चाक कुठे कुठे फिरलं! २०१० च्या ‘वे बॅक होम’मध्ये एडिंबराहून डन्वेगनपर्यंतची वाट. २०१३ च्या ‘इमॅजिनेट’मध्ये ग्लासगोच्या केल्विन हॉलमध्ये उभारलेली खेळण्यांची अजस्र दुनिया, पत्त्यांपासून रणगाड्यापर्यंत. २०१४ मध्ये अर्जेंटिनातलं एपेक्वेन, १९८५ च्या पुरात खाऱ्या पाण्याखाली गेलेलं आणि पाणी ओसरल्यावर पांढऱ्या सांगाड्यांसारखं वर आलेलं गाव. तिथल्या पडक्या भिंतींवरून. २०१५ मध्ये ग्रान कनारियाच्या लास पाल्मासमधली रंगीत घरांची गच्ची ते गच्ची. या प्रत्येक ठिकाणी वेगात यायचं असतं, थांबायचं असतं, उंच चढायचं असतं आणि हवेत फिरायचं असतं. एकाच सायकलनं.

या चित्रफिती पाहून नवी मुलं घराबाहेर पडली. ऑस्ट्रियाचा फाबियो विबमर त्यांतलाच. मॅकअ‍ॅस्किलनं पुढे डंकन शॉ आणि अ‍ॅली क्लार्कसन यांच्याबरोबर ‘ड्रॉप अँड रोल’ नावाचा फिरता खेळ सुरू केला. विबमरही त्यात आला. या प्रकाराला आता स्वतःचं नाव होतं, स्ट्रीट ट्रायल्स, आणि त्याचं माप सांगावं लागत नव्हतं. इतर कारखानदारांनीही चोवीसच्या सायकली काढल्या. इन्स्पायर्डनं मॅकअ‍ॅस्किलच्या नावानं जो सांगाडा आणला त्याचं नाव ठेवलं ‘स्काय’, त्याच्या बेटावरून.

तीन मापं शेजारी उभी केली की त्यांची कुळं दिसतात. वीस आलं बार्सिलोनाच्या परिसरातल्या एका घरातल्या लहान मुलाच्या सायकलीतून. सव्वीस आलं शिकागोच्या कारखान्यातून आणि कॅलिफोर्नियाच्या भंगारातून. चोवीस आलं बीएमएक्सच्या क्रूझरमधून आणि उड्या मारणाऱ्यांच्या मोडक्या रिमांमधून. एकही माप मुळात ट्रायल्ससाठी जन्मलेलं नाही. पहिल्या दोघांना स्पर्धांनी घरात घेतलं. तिसऱ्याला रस्त्यावरच्या पोरांनी वाढवलं, कारण त्यांच्या पायऱ्यांना आणि भिंतींना तेच लागू पडत होतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये सायकलच्या जवळपास सगळ्या प्रकारांच्या जागतिक स्पर्धा एकत्र भरल्या त्या स्कॉटलंडमध्येच, ग्लासगो आणि आसपास. ट्रायल्सही होतं. १९०९ मध्ये ज्या देशातून हा खेळ मोटारसायकलवर बसून निघाला, तिथे तो सायकल होऊन परत आला होता. पुरुषांच्या वैयक्तिक गटाचे वर्ग दोन होते, २० इंच आणि २६ इंच. ठोकळे रचले होते, पंच उभे होते, घासलेल्या रिमांच्या किंकाळ्या उठत होत्या. तिथून पंचाहत्तर किलोमीटरवर एडिंबरा, आणि ग्लासगोतच केल्विन हॉल, जिथे दहा वर्षांपूर्वी एक चोवीस इंची सायकल अजस्र पत्त्यांवरून, चौकोनी ठोकळ्यांवरून आणि एका रणगाड्यावरून गेली होती.